अलीकडे कलदार, पलीकडे हाली

मंगरूळपीरहून दक्षिणेची वाट धरली, वाशीम किंवा पुसद मागे टाकलं, की पैनगंगा आडवी येते. आज तिच्यावरून पलीकडे जाणाऱ्याला जिल्हा बदलल्याची पाटी दिसते, एवढंच. 1853 ते 1948 या पंच्याण्णव वर्षांत मात्र नदी ओलांडली की राज्य बदलायचं. नाणं बदलायचं, कचेरीची भाषा बदलायची, सरकारी कागदावरचं सालसुद्धा बदलायचं. माणसं तीच. अडाण आणि अरुणावतीचं पाणी अखेर ज्या पैनगंगेत जातं, तिच्या दोन्ही काठांवर ज्वारी, तूर आणि कापूसच पेरला जायचा, सोयरीकही इकडून तिकडे होत होती. अलीकडच्यांनी पलीकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणायचं आणि त्या शब्दात थोडी कीव, थोडी चेष्टा मिसळायची, ही वऱ्हाडची जुनी खोड.

ही कीव कितपत खरी होती, हे पाहायचं तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कायद्याने पाहिलं तर मंगरूळपीरही निजामाचंच होतं.

1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पाडाव केला आणि दख्खन स्वतःकडे घेतली. पुढे नागपूरकर भोसले आणि निजाम यांनी वऱ्हाडचा वसूल वाटून खाल्ला. एकाच गावावर दोघांचे अंमलदार, अशी ती दुअंमली. 1803 मध्ये अडगाव आणि गाविलगडला भोसले हरले, देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा त्यांचा हक्क गेला आणि इंग्रजांनी तो मुलूख निजामाच्या पदरात टाकला. मग सुरू झाली मक्तेदारीची पन्नास वर्षं. हैदराबादेत चंदुलाल दिवाण होते आणि तिजोरीत कायम खडखडाट. परगणेच्या परगणे सावकारांना मक्त्याने दिले जात. पूरणमल हा त्यातला मोठा मक्तेदार. त्याच्या मागून पेस्तनजी आणि मंडळी या पारशी पेढीकडे वऱ्हाडच्या वसुलाचा मोठा हिस्सा गेला. याच पेढीने 1825-26 च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात मुंबईला धाडला होता. म्हणजे वऱ्हाडी कापसाला मुंबईची वाट दाखवली ती इंग्रजी अंमलाने नव्हे, निजामी अमदानीतल्या एका पेढीने. वऱ्हाडच्या भरभराटीची कहाणी सांगताना हा तपशील बहुतेक वेळा गाळला जातो.

निजामाच्या नावाने इंग्रज अधिकाऱ्यांनी उभी केलेली कंटिंजंट फौज होती. तिचा पगार निजामाने द्यायचा आणि हुकूम रेसिडेंटाने. हिंगोलीला तिची छावणी होती. पगार थकला, कर्ज चाळीस लाखांच्या वर गेलं आणि 21 मे 1853 रोजी निजामाने तह करून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. आठवडाभरात दिवाण सिराजउल्मुल्क वारले आणि त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. 1860 मध्ये बाकीचा मुलूख परत मिळाला, पन्नास लाखांचं कर्जही माफ झालं, पण वऱ्हाड इंग्रजांनी सोडलं नाही. ते परत मिळवण्यासाठी सालारजंगांनी आयुष्यभर पत्रं लिहिली, 1876 मध्ये ते विलायतेलाही जाऊन आले. हाती काही लागलं नाही. तारण म्हणून दिलेलं शेत सावकाराच्या घशात जातं, तसं हे वऱ्हाड गेलं.

इथून दोन राज्यं शेजारी शेजारी वाढू लागली.

अलीकडच्या काठावर इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी केली. शेताला नंबर पडला, नंबराला आकार ठरला आणि तो तीस वर्षं बदलणार नाही, असं सरकारने सांगितलं. ज्याच्या नावावर खातं, त्याने सारा भरावा. त्याला जमीन विकता यावी, गहाण ठेवता यावी. कालपर्यंत मक्तेदाराच्या माणसाला पाहून बैल रानात दडवणाऱ्या कुणब्याच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा कागद आला. पण हाच कागद सावकाराच्याही कामाचा निघाला, कारण गहाण ठेवायला जमिनीइतकं बळकट तारण दुसरं नव्हतं. पुढच्या पिढीत वऱ्हाडातली पुष्कळ जमीन मारवाडी पेढ्यांच्या आणि मोठ्या देशमुखांच्या खात्यावर का गेली, त्याचं एक उत्तर इथे आहे.

पलीकडे काय होतं? सालारजंगांनी मक्ते मोडले, 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, पगारी तालुकदार नेमले. मराठवाड्याच्या दिवाणी, म्हणजे थेट सरकारी वसुलीच्या, भागात पुढे मोजणीही झाली, आणि तीही मुंबईच्याच नमुन्यावर. तेव्हा ‘मोगलाईत सगळा अंधार’ हे वऱ्हाडी मत दिवाणी गावांपुरतं तरी अर्धवट होतं. खरी गोम वेगळीकडे होती. राज्याचा जवळजवळ चाळीस टक्के मुलूख दिवाणी नव्हताच. तो जहागीरदारांचा, पायगा अमिरांचा किंवा सर्फेखास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगीतला. तिथे सारा किती, पट्ट्या कोणत्या, दाद कोणाकडे मागायची, हे ज्या त्या मालकावर. दिवाणी गावच्या शेजारचं गाव जहागिरीत असेल तर तिथला कुणबी जणू तिसऱ्याच राज्यात राहायचा.

वऱ्हाडला खरा पैसा दिसला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात. 1861 ते 1865 अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. त्याच वर्षांत जीआयपीची आगगाडी वऱ्हाडात शिरली आणि 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. गाडी माणसांसाठी आली की गठाणींसाठी, हे त्या मार्गाकडे पाहिलं की कळतं. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, सगळी स्थानकं पूर्णेच्या खोऱ्यातली, म्हणजे पयनघाटातली.

मंगरूळपीर बालाघाटातलं, म्हणजे घाटावरचं. वाशीम, मंगरूळ आणि पुसद या तीन तालुक्यांचा मिळून तेव्हा वाशीम जिल्हा होता, आणि त्यातून एकही रूळ गेला नाही. मंगरूळचा कापूस कारंजावरून बैलगाडीने मूर्तिजापूरला किंवा सरळ अकोल्याला जायचा. चिखलात चाक रुतलं की दोन दिवस तिथेच, आणि तोवर बाजारात भाव उतरलेला. 1910 नंतरच्या दशकात मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही छोटी गाडी झाली, तेव्हा कुठे कारंजापर्यंत सोय झाली. मंगरूळकडे पाहिलं की वाटतं, वऱ्हाडच्या आतही दोन देश होते. एक रुळांलगतचा जिनिंग-प्रेसिंगचा, वकिलांचा, वर्तमानपत्रांचा. दुसरा घाटावरचा, जो पयनघाटापेक्षा हिंगोलीलाच जास्त मिळताजुळता होता.

हिंगोलीलाही आगगाडी आली, पण दक्षिणेकडून. निजामाच्या रेल्वेने पूर्णा जंक्शनपासून फाटा काढला, 1912 मध्ये तो हिंगोलीला पोहोचला आणि तिथेच थांबला. पुढे वाशीम जेमतेम पन्नास किलोमीटरवर, आणि अकोल्याला इंग्रजी लाईन तयार. दोन रूळ एकमेकांकडे तोंड करून जवळजवळ पन्नास वर्षं तसेच पडून राहिले. मधल्या मुलखातल्या शेतकऱ्याला अकोल्याचा किंवा नांदेडचा, जो बाजार बरा तो धरता आला असता. दोन्ही सरकारांना त्याची गरज भासली नाही.

सरहद्द रोजच्या व्यवहारात कशी लागायची, हे नाक्यावर कळायचं. वाशीम-हिंगोली रस्त्यावर नदीपलीकडच्या गावाचं नाव आजही कनेरगाव नाका असंच आहे. निजामाच्या राज्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, साधारण शेकडा पाच. समजा, मंगरूळचा एक शेतकरी पलीकडच्या बाजारात बैल घ्यायला गेला. खिशात इंग्रजी कलदार रुपये. पलीकडे चालतो हाली सिक्का. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दर जवळपास पक्का झाला होता, सहा कलदारचे सात हाली. बैलाची किंमत सत्तर कलदार मनाशी धरून आलेल्या माणसाला पलीकडे मोजायचे एक्क्याऐंशी रुपये दहा आणे आठ पै. सराफ त्यात आपला बट्टा कापणार. बैल घेऊन परत निघाला की नाक्यावर पुन्हा हिशेब. आणि पावतीवर तारीख फसली सनाची, महिना अजूर नाहीतर दै. लिहिणारा उर्दूत लिहिणार. मराठी वाचणाऱ्या माणसालाही ती पावती निरक्षरासारखीच हातात धरावी लागायची.

तरीही जाणारे जात होते. भाव कुठे बरा, धान्य कुठे स्वस्त, हे पाहून माणसं नदी ओलांडत. वऱ्हाडची लोकसंख्या 1867 च्या पहिल्या शिरगणतीत सुमारे 22 लाख होती, 1891 मध्ये जवळपास 29 लाख झाली. यात घरातली वाढ होती, तशी बाहेरून आलेली माणसंही होती. कपाशी वेचायला हात लागत होते आणि मजुरी रोख मिळत होती. इंग्रज अधिकारी हे आकडे दाखवून सांगत, पाहा, रयत कोणत्या राज्यात राहू इच्छिते.

मग 1899-1900 चा दुष्काळ आला आणि या आकड्यांचा रंग उतरला. त्या साली पाऊस जवळजवळ झालाच नाही. कापूस गेला, ज्वारीही गेली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्वारीचं कितीतरी रान कपाशीखाली गेलं होतं. पूर्वी घरोघरी पेवं भरलेली असायची, त्यांची जागा पेढीवरच्या उधारीने घेतली होती. रेल्वेने धान्य आणता येत होतं, पण विकत घ्यायला पैसा हवा, आणि मजुराचा पैसा कपाशीबरोबरच आटला होता. 1901 च्या शिरगणतीत वऱ्हाड साडेसत्तावीस लाखांवर खाली आलं. आमच्या वाशीम जिल्ह्यात 3,53,410 माणसं मोजली गेली, दहा वर्षांत अकरा टक्के घट. हिंदुस्थानातला एक श्रीमंत कापूसमुलूख म्हणून ज्याचं नाव विलायतेत घेतलं जायचं, तिथली ही स्थिती. निजामाच्या औरंगाबाद सुभ्यालाही तोच दुष्काळ भोवला. पाटबंधारे अलीकडेही नव्हते आणि पलीकडेही नव्हते. निजामाने पुढे निजामसागर बांधला तो तेलंगणात. मराठवाडा हैदराबादचा शेवटचा कोपरा होता, तसं बालाघाट वऱ्हाडचा. राजधानीपासून लांब असलेल्या मुलखाच्या नशिबात सरकार कोणाचं आहे, याने फार फरक पडला नाही, असं निदान त्या वर्षापुरतं तरी म्हणता येतं.

दुष्काळानंतर दोन वर्षांतच, 1902 मध्ये, लॉर्ड कर्झनने महबूबअली खान निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. वर्षाचे पंचवीस लाख रुपये भाडं. दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं आणि 1905 मध्ये वाशीम जिल्हाच मोडला. मंगरूळ आणि वाशीम अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात. तो जिल्हा परत व्हायला 1 जुलै 1998 उजाडला.

आता राजकारण. माझ्या मते दोन काठांतला खरा फरक इथेच होता, पैशात नव्हता.

1897 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ मुधोळकर ही माणसं वऱ्हाडात उघड सभा घेत होती. मुधोळकर 1912 मध्ये काँग्रेसचे अध्यक्षही झाले. 1930 मध्ये 10 जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, आणि पुसद तालुका सरहद्दीला खेटूनच. अणे तुरुंगात गेले, पण खटला उघड चालला, वर्तमानपत्रांत छापून आला, आणि ते सुटून पुन्हा राजकारणात आले. पलीकडे साधी सभा घ्यायची तर गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, नंबर 53 प्रमाणे आधी परवानगी हवी. खासगी शाळा काढायचीही परवानगी हवी. प्राथमिक इयत्तांच्या पुढे शिक्षण उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघालं, देशी भाषेत सगळं उच्च शिक्षण देणारं म्हणून त्याचा गौरव झाला आणि तो रास्तच होता. फक्त ती देशी भाषा परभणीच्या पोराची नव्हती.

वऱ्हाडातही स्वराज्य नव्हतं, आणि त्याचं एक गमतीदार रूप होतं. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे 1919 च्या कायद्यानंतर इथले मतदार नागपूरच्या कौन्सिलवर आपला माणूस निवडून देत, पण कागदोपत्री तो निवडून आलेला ठरत नसे. गव्हर्नर त्याला ‘नेमत’ असे. कायदे इथे लागू करायलाही वेगळी अधिसूचना लागायची. मंगरूळचा माणूस मत देत होता इंग्रजांच्या कौन्सिलसाठी, आणि होता निजामाचा प्रजाजन.

1923 मध्ये उस्मानअली खान निजामाने व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलं, आणि सोबत एक आमिष दाखवलं. वऱ्हाड परत आलं तर तिथे जबाबदार राज्यपद्धती देऊ. हे वाचून वऱ्हाडी पुढारी हसले असतील तर नवल नाही. जे परभणीला नाही, हिंगोलीला नाही, खुद्द हैदराबादेत नाही, ते अमरावतीला मिळणार होतं. पण त्या पत्रात एक कबुलीही होती. वऱ्हाडच्या माणसाला आता तोंड फुटलं आहे, त्याला मोगलाईच्या रीतीने ठेवता येणार नाही, हे निजामाला पक्कं कळलं होतं. उत्तर आलं 27 मार्च 1926 रोजी. लॉर्ड रीडिंगने साफ बजावलं की ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. सार्वभौमत्वाच्या वादात ते पत्र पुढे हिंदुस्थानभर उद्धृत होत राहिलं. मूळ भांडण होतं आपल्या वऱ्हाडचं.

1936 च्या करारात निजामाचा मान राखला गेला. तो ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ झाला, युवराज आझमजाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला, वऱ्हाडात ब्रिटिश निशाणासोबत त्याचंही निशाण फडकवायचं ठरलं. कारभारात तसूभर बदल नाही. मंगरूळपीरच्या हयात कलंदर दर्ग्यावर नवस बोलायला दोन्ही काठांवरून हिंदू-मुसलमान भाविक पूर्वीही येत होते, तसेच पुढेही येत राहिले.

1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी उस्मानियाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतलं, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. दोन राज्यं शेजारी असण्याचा हा सर्वांत मोठा उपयोग होता. एका ठिकाणी दार बंद झालं की नदी ओलांडायची.

1947-48 मध्ये तर सगळी सरहद्दच वाहती झाली. वऱ्हाडात वेगळीच धास्ती होती. इंग्रज गेले तर त्यांचा पट्टा गेला, मग वऱ्हाड पुन्हा निजामाचं होणार का? विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांत झालेल्या 8 ऑगस्ट 1947 च्या अकोला कराराच्या मागे ही काळजीही होती. दरम्यान रझाकारांच्या जाचाला कंटाळून मराठवाड्यातली कुटुंबं पैनगंगा ओलांडून इकडे येत होती. उमरखेडला स्टेट काँग्रेसची छावणी होती, तिथून तरुण रात्री पलीकडे जाऊन चौक्या आणि नाके उठवत. करोडगिरीच्या नाक्यांवर त्यांचा विशेष राग होता, आणि तो समजण्यासारखा आहे. निजामाचं राज्य खेड्यातल्या माणसाला रोज जिथे भेटायचं, ती जागाच ती होती. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला.

1 नोव्हेंबर 1956 पासून दोन्ही काठ मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. त्याच सुमारास अकोला आणि हिंगोलीचे रूळ अखेर जोडले गेले आणि वाशीमला आगगाडी आली. मंगरूळपीर त्याही मार्गावर नाही.

एका राज्यात आल्यावर तुलना थांबली नाही, तिचा फक्त सूर बदलला. 1984 मध्ये वि. म. दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला. राज्याचा एकूण सुमारे 3,187 कोटींचा. त्यात विदर्भाचा 1,246 कोटींहून जास्त, मराठवाड्याचा 750 कोटींच्या घरात. ज्या वऱ्हाडाने शंभर वर्षं मोगलाईची कीव केली, त्याच्या विदर्भाची बाकी आता मोगलाईपेक्षा मोठी निघाली. विदर्भात तेव्हा जिल्हे नऊ आणि मराठवाड्यात सात, हे धरूनही वऱ्हाडी अभिमानाला तो आकडा बोचणारा होता. पूर्वी माणसं आमच्याकडे काय जास्त आहे ते सांगत, आता काय कमी आहे ते सांगू लागली.

2006 च्या 1 जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिल्हे सहा: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. म्हणजे जुनं वऱ्हाड आख्खं, वर वर्धा. नदीपलीकडच्या हिंगोलीत जमीन तीच होती, कपाशी तीच होती, सावकारही त्याच चालीचा. हिंगोली त्या यादीत नव्हतं, आणि आता नाराज व्हायची पाळी पलीकडच्या काठाची होती.